मेडिकेअर पार्ट बी मधल्या मोफत तपासण्या आणि समुपदेशन: आईबाबांसाठी नेमकं काय मागायचं?

मेधा_एडिसन

नमस्कार मंडळी. आईबाबा न्यू जर्सीत आमच्याजवळ असतात. ग्रीन कार्डाला पाच वर्षं झाल्यावर दोघांनी मेडिकेअरचा (इथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा) पार्ट बी, म्हणजे डॉक्टर आणि तपासण्यांचा भाग, घेतला, औषधांसाठी पार्ट डी घेतला. पार्ट ए चा (हॉस्पिटलच्या भागाचा) हप्ता झेपणारा नाही, म्हणून तो नाही.

बाबा: वय ७१, उंची १६५ सेंमी, वजन ६७ किलो. पार्ट बी दोन वर्षांपासून. ऑक्टोबरमध्ये उपाशीपोटी साखर १०४, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१. सिगरेट १२ वर्षांपूर्वी सुटली, तंबाखू-चुना अजून चालू आहे.

आई: वय ६६, उंची १५५ सेंमी, वजन ७० किलो. पार्ट बी १ मे २०२५ पासून. रक्तदाबाची गोळी चालू. तिच्या सख्ख्या बहिणीला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता. आईची इथे अजून एकही तपासणी झालेली नाही.

१२ जानेवारीला बाबांना 'अ‍ॅन्युअल फिजिकल' म्हणून नेलं. सरकारी पुस्तिकेत वर्षातून एक भेट मोफत असं वाचलं होतं. प्रत्यक्षात डॉक्टरांचं १४३ डॉलरचं बिल आलं आणि लॅबचं ९० डॉलरचं वेगळं (व्हिटॅमिन डी, थायरॉइड). हे चुकून झालं की असंच असतं? दोघांसाठी काय मागायचं, कोणत्या शब्दांत मागायचं? साखर आणि तंबाखूसाठी समुपदेशन मिळतं म्हणतात, ते कुठे? २० मार्चला दोघं पुण्याला जाणार आहेत, जुलैअखेर परत येतील.

---

कोडिंग_काकू

मेधा, आधी बिल बघू, कारण तिथेच सगळ्याची किल्ली आहे. क्लिनिकला फोन करून 'आयटेमाइज्ड बिल' मागा. प्रत्येक ओळीसमोर पाच अक्षरी कोड असेल. तीन शक्यता आहेत.

९९३९७ दिसला तर क्लिनिकने खरोखरच 'फिजिकल' लावलं आहे, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतची नेहमीची शारीरिक तपासणी. मूळ मेडिकेअर कायद्यानेच तिचे पैसे देत नाही, त्यामुळे सगळी रक्कम रुग्णावर येते. तुम्ही फोनवर 'फिजिकल' हा शब्द वापरलात आणि त्यांनी तेच दिलं.

जी०४३८ किंवा जी०४३९ असेल तर ती 'अ‍ॅन्युअल वेलनेस व्हिजिट', म्हणजे प्रश्नावली भरून पुढच्या तपासण्या ठरवण्याची वार्षिक भेट. पहिल्यांदा ०४३८, पुढे दरवर्षी ०४३९. ही मोफत. तिच्या ओळीत तुमच्या बाजूला शून्यच हवं.

तिसरी शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. वेलनेसच्या ओळीखाली ९९२१३ किंवा ९९२१४, आणि त्याला २५ चा मॉडिफायर (कोडला जोडायचं दोन अक्षरी चिन्ह). याचा अर्थ एकाच बैठकीत दोन भेटी झाल्या. बाबा बोलता बोलता म्हणाले असतील की गुडघा दुखतो, डॉक्टरांनी बघितलं, गोळी लिहून दिली. ही आजाराची भेट, तिला डिडक्टिबल (दरवर्षी आधी स्वतः भरायची ठरावीक रक्कम) आणि त्यापुढच्या रकमेचे २० टक्के लागू. जानेवारीत कोणाचंच डिडक्टिबल भरलेलं नसतं (२०२५ मध्ये २५७ डॉलर होतं, २०२६ मध्ये २८३), म्हणून २० टक्के नव्हे तर सगळेच १४३ तुमच्याकडे आले. नोंदीत खरंच वेगळा त्रास आणि वेगळा उपचार असेल तर बिल बरोबर आहे. नोंदीत तसं काही नसेल तर ते दुरुस्त करून मागता येतं.

लॅबचं गणित निराळं आहे. पार्ट बी मध्ये रक्तलघवीच्या तपासण्यांना २० टक्के हा प्रकारच नाही. मंजूर झालं तर रुग्णाला शून्य, नामंजूर झालं तर पूर्ण. सगळं ठरतं ते डॉक्टरांनी चिठ्ठीवर कोणतं निदान लिहिलं त्यावर. 'झेड००.००', म्हणजे नेहमीची आरोग्य तपासणी, असं लिहून व्हिटॅमिन डी आणि थायरॉइड पाठवलं की नामंजूर. थकवा किंवा वजनात बदल असं खरं कारण असेल आणि ते लिहिलं असेल तरच त्यांचा विचार होतो. कारण नसताना लिहून घेऊ नका, पण असलेलं कारण लिहायचं राहून गेलं असेल तर डॉक्टर दुरुस्त चिठ्ठी पाठवू शकतात. लॅबला नवा क्लेम टाकायला तपासणीच्या तारखेपासून एक वर्ष मिळतं.

आणखी एक बघा. लॅबने आधी 'एबीएन' (मेडिकेअर कदाचित पैसे देणार नाही अशी पूर्वसूचना) नावाच्या कागदावर बाबांची सही घेतली होती का? त्यात अंदाजे खर्च आणि तीन पर्याय असतात. 'वैद्यकीय गरज नाही' म्हणून तपासणी नामंजूर झाली आणि हा कागद घेतलेला नसेल, तर लॅब रुग्णाकडून पैसे मागू शकत नाही. मात्र 'रूटीन तपासणी' म्हणून कायद्यानेच वगळलेली असेल तर सही नसतानाही बिल येतं. नेमकं कारण मेडिकेअरकडून येणाऱ्या 'समरी नोटिस'मध्ये छापलेलं असतं. ती नोटिस येईपर्यंत लॅबला एक पैसाही देऊ नका.

---

डॉ_कोलंबस

आईंपासून सुरू करतो, कारण त्यांची मुदत संपत आली आहे.

पार्ट बी सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या १२ महिन्यांत एकदाच 'वेलकम टू मेडिकेअर' भेट मिळते, कोड जी०४०२. आईंसाठी ती ३० एप्रिल २०२६ पर्यंत. त्या २० मार्चला निघणार, म्हणजे खरी मुदत तीच. क्लिनिकला भेट मागताना 'वेलकम टू मेडिकेअर व्हिजिट' हेच शब्द वापरा. त्यात मागचे आजार, घराण्यातले आजार, चालू औषधं, उंची-वजन-रक्तदाब, साधी नजर तपासणी, नैराश्य आणि पडण्याचा धोका हे बघतात, आणि शेवटी पुढे कोणत्या तपासण्या करायच्या त्याचा लेखी तक्ता देतात. तो कागद हातात घेतल्याशिवाय उठू नका. याच भेटीतून एकदा स्क्रीनिंग ईसीजी लिहून मिळतो, पण त्याला डिडक्टिबल आणि २० टक्के लागतात. छातीत काही होत नसेल तर तो नाकारायला हरकत नाही.

मुदत चुकली तरी आकाश कोसळत नाही. १ मे पासून त्या वेलनेस व्हिजिटला पात्र होतात, आणि त्यासाठी वेलकम भेट झालेली असणं बंधनकारक नाही. पण वेलकम भेट मार्चमध्ये घेतली तर पहिली वेलनेस १ मार्च २०२७ पासून. हिशेब असा की ज्या महिन्यात भेट झाली तो सोडून पुढे अकरा पूर्ण महिने जावे लागतात. तारीख कोणतीही असो, मोजायचा तो महिना. मॅमोग्राम (स्तनांचा एक्स-रे), सिगरेट ओढलेल्यांसाठीचं फुप्फुसाचं सीटी यांनाही हाच नियम, आणि एक दिवस आधी गेलात तरी क्लेम परत येतो.

आईंची यादी:

मॅमोग्राम दर १२ महिन्यांनी, वय ४० च्या पुढे, मोफत. फक्त त्यात काही दिसलं आणि पुन्हा बोलावलं तर ती दुसरी फेरी 'डायग्नोस्टिक' (शंका आल्यावरची तपासणी), तिला डिडक्टिबल आणि २० टक्के. स्तनात गाठ लागते असं आधीच सांगून गेलात तर पहिलीच फेरी डायग्नोस्टिक होते. गाठ लागत असेल तर ती लपवू नका, पैशांपेक्षा ते महत्त्वाचं आहे.

हाडांची घनता, म्हणजे डेक्सा, दर २४ महिन्यांनी. पाळी गेलेल्या आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका असलेल्या स्त्रियांना मोफत. चिठ्ठी डॉक्टरांची लागते. पॅप (गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी) आणि पेल्विक तपासणी दर २४ महिन्यांनी. वय ६५ नंतर आधीचे अहवाल स्वच्छ असतील तर बहुतेक स्त्रियांना पॅपची गरज नसते, पण आईंचे तसे अहवालच नसतील तर एकदा करून घ्यावी.

आता आतडं. सख्ख्या बहिणीला कर्करोग म्हणजे आई मेडिकेअरच्या व्याख्येत 'हाय रिस्क'. आईवडील, भावंडं, मुलं, यांपैकी कोणाला कर्करोग किंवा अ‍ॅडिनोमा जातीचा पॉलिप (आतड्यातली छोटी वाढ) झाला असेल तर कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतडं बघणं) दर २४ महिन्यांनी मिळते. एरवी १२० महिन्यांनी. दर दोन वर्षांनी करायचीच असा त्याचा अर्थ नाही, किती अंतराने ते गॅस्ट्रोवाले सांगतील. पण हे नातं चिठ्ठीवर लिहिलेलं असलं पाहिजे. बहिणीचं निदान कितव्या वर्षी झालं तेही विचारून ठेवा, साठीच्या आत की नंतर यावर अंतर ठरतं. ऑगस्टची तारीख आत्ताच घ्या, रांगा लांब असतात.

---

सुहास_प्लॅनो

कोलोनोस्कोपीचा एवढा खटाटोप कशाला? शौचाची डीएनए तपासणी दर तीन वर्षांनी मोफत आहे, डबा घरी येतो. दोघांचं त्यातच भागेल की.

---

डॉ_कोलंबस

सुहास, बाबांसाठी बरोबर, आईंसाठी नाही. ती तपासणी ४५ ते ८५ वयाच्या, लक्षणं नसलेल्या आणि सर्वसाधारण धोक्याच्या लोकांसाठीच मंजूर आहे. आईंच्या बहिणीचा इतिहास लिहिला की क्लेम परत येईल, आणि तो लिहिला नाही तर चुकीची तपासणी होऊन मनाला खोटा दिलासा मिळेल. दुसरं जास्त वाईट.

बाबांनी डबा मागवला तर दोन गोष्टी सांभाळा. नमुना घेतल्यापासून ७२ तासांत लॅबला पोचावा लागतो, त्यामुळे शुक्रवारी सकाळी घेऊ नका, सोमवार-मंगळवार गाठा. आणि जुलाब चालू असताना किंवा मूळव्याधीचं रक्त पडत असताना नमुना घ्यायचा नाही. साधी एफआयटी चाचणी (शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी) हा दुसरा पर्याय, ती दर १२ महिन्यांनी मिळते.

चाचणी पॉझिटिव्ह आली तर पुढची कोलोनोस्कोपी २०२३ पासून 'स्क्रीनिंग'च धरली जाते. त्याआधी ती डायग्नोस्टिक होऊन लोकांना मोठी बिलं यायची. काही क्लिनिक अजूनही जुन्या सवयीने कोड लावतात.

---

कोडिंग_काकू

डॉक्टरांच्या शेवटच्या वाक्याला जोडून. पॉझिटिव्ह चाचणीनंतरच्या कोलोनोस्कोपीला केएक्स मॉडिफायर लागतो. स्क्रीनिंग चालू असताना पॉलिप निघाला आणि कापला तर पीटी मॉडिफायर. पीटी लावला की डिडक्टिबल माफ, पण रुग्णावर १५ टक्के येतात, डॉक्टरांच्या फीवरही आणि जागेच्या (हॉस्पिटल किंवा सेंटरच्या) फीवरही. २०२७ ते २०२९ मध्ये ते १० टक्के होतील, २०३० पासून शून्य. हा मॉडिफायर विसरला तर डिडक्टिबल आणि २० टक्के असं बिल येतं, आणि सगळ्यात जास्त चुका मी इथेच बघते. भूल देणारे, जागा, डॉक्टर आणि पॅथॉलॉजी अशी चार बिलं वेगवेगळी येतात. एकाने पीटी लावला म्हणून बाकीच्यांनी लावला असं धरू नका. पोट साफ करायचं औषध पार्ट डी मधून येतं, त्याचा को-पे (आपल्या वाट्याची रक्कम) वेगळा.

आईबाबांकडे पार्ट ए नाही, म्हणून मेडिगॅप (उरलेले टक्के भरणारा खासगी विमा) किंवा अ‍ॅडव्हांटेज प्लॅन (मेडिकेअरऐवजी खासगी कंपनीमार्फतचा विमा) घेता येत नाही. जे टक्के येतील ते स्वतःच्या खिशातून. तारीख घेतानाच जागा कोणती ते विचारा: हॉस्पिटलच्या ओपीडीपेक्षा स्वतंत्र सर्जरी सेंटरची फी कमी असते, म्हणून १५ टक्केही कमी होतात.

आणि सगळीकडे एक प्रश्न: 'डू यू अ‍ॅक्सेप्ट असाइनमेंट?', म्हणजे मेडिकेअरने ठरवलेली रक्कमच पूर्ण फी म्हणून घेता का? उत्तर हो असेल तरच 'शून्य' हे शून्य राहतं.

---

आहार_समुपदेशक

मेधा, बाबांच्या आकड्यांकडे परत येऊ. मराठी कुटुंबांत सगळ्यात जास्त वाया जाणारी सवलत इथे आहे.

मेडिकेअरचा 'डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम' पार्ट बी मध्ये पूर्ण मोफत आहे. अट बीएमआय २५ ची, पण आशियाई वंशाच्या लोकांना २३. बाबांचा ६७ भागिले १.६५ चा वर्ग, म्हणजे २४.६. 'तुमचे वडील तर बारीक आहेत' असं म्हणून त्यांना परत पाठवणारे भेटतील. तिथे २३ चा आकडा ठामपणे सांगा.

दुसरी अट रक्ताची: एचबीए१सी ५.७ ते ६.४, किंवा उपाशीपोटी साखर ११० ते १२५, किंवा ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० ते १९९. तीनपैकी एक पुरे. इथे गोम अशी की दवाखान्यात १०० च्या वर साखर गेली की 'प्रीडायबिटीस' म्हणतात, पण या कार्यक्रमाला ११० लागते. बाबांची १०४ घेऊन गेलात तर नकार. ६.१ चा एचबीए१सी घेऊन जा. चाचणी पहिल्या वर्गाच्या आधीच्या १२ महिन्यांतली हवी, ऑक्टोबरची चालेल, पण पुण्याहून आल्यावर ऑगस्टमध्ये सुरुवात करणार असाल तर लांबवू नका. २०२४ पासून एचबीए१सी मधुमेहाच्या स्क्रीनिंगमध्ये आला आहे आणि १२ महिन्यांत दोनदा मिळतो, त्यामुळे आईंचाही करून घ्या. चिठ्ठीवर 'झेड१३.१' लिहायला सांगा.

कार्यक्रम असा: पहिल्या सहा महिन्यांत १६ वर्ग, साधारण तासाभराचे, मग सहा महिने दर महिन्याला एक. लक्ष्य वजनाच्या ५ टक्के, बाबांसाठी साडेतीन किलोच्या आत. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, रक्ताचा अहवाल लागतो. आयुष्यात एकदाच मिळतो, म्हणून मध्ये चार महिने पुण्याला जायचं असताना आत्ता सुरू करू नका. परत आल्यावर सलग वर्ष मिळेल असं बघा. काही संस्था व्हिडिओवरून घेतात. आधी मधुमेहाचं निदान झालेलं असेल तर प्रवेश नाही (गरोदरपणातला चालतो). पण वर्ग सुरू झाल्यावर साखर वाढून निदान झालं तर बाहेर काढत नाहीत.

वर्गात अन्नाची नोंद ठेवायला सांगतात. छापील तक्त्यात ब्रेड, सिरियल, चीज असतं. बाबांनी घरचंच लिहावं: भाकरी किती, भात किती वाट्या, चहा किती वेळा आणि साखर किती चमचे, दुपारचा चिवडा. वाटी किती मिलीलिटरची ते एकदा मोजून समुपदेशकाला सांगा, नाहीतर तो 'कप' धरतो, म्हणजे २४० मिली, आणि आपली आमटीची वाटी त्याहून बरीच लहान असते.

आईंचा बीएमआय २९.१. लठ्ठपणाच्या समुपदेशनाला ३० लागतो आणि तिथे आशियाईंना सूट नाही, म्हणजे त्या थोडक्यात बाहेर. पण एचबीए१सी ५.७ च्या वर आला तर त्याही बाबांबरोबर याच वर्गात बसू शकतात, आणि जोडीने आलेल्यांचं जेवण लवकर बदलतं, कारण स्वयंपाक एकच असतो. रक्तदाब आहे म्हणून हृदयविकाराच्या धोक्याबद्दलचं समुपदेशन वर्षातून एकदा, प्राथमिक डॉक्टरांकडे, मोफत.

आहारतज्ज्ञांकडचं स्वतंत्र 'न्यूट्रिशन थेरपी' मात्र फक्त मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा गेल्या ३६ महिन्यांत मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालेल्यांना: पहिल्या वर्षी तीन तास, पुढे दरवर्षी दोन. प्रीडायबिटीसला नाही. या भेटी घेऊन मग बिल आलेली मंडळी खूप आहेत.

---

डॉ_कोलंबस

बाबांचा तंबाखू. समुपदेशन 'स्मोकिंग अँड टोबॅको यूज' असं आहे, म्हणजे चघळणाराही पात्र. १२ महिन्यांत आठ भेटी मोफत, चार-चारचे दोन प्रयत्न. तीन ते दहा मिनिटं झाली तर ९९४०६, जास्त झाली तर ९९४०७. इथल्या डॉक्टरांना 'स्मोकर?' विचारायची सवय असते, बाबा 'नो' म्हणतात आणि विषय संपतो. म्हणून वेलनेसच्या फॉर्मवरच लिहा: चघळण्याचा तंबाखू चुन्यासकट, दिवसातून किती वेळा, किती वर्षं, रात्री गालात ठेवून झोपतात का. शेवटचं मुद्दाम विचारा. निकोटिन गम दुकानातली, पार्ट डी तिचे पैसे देत नाही. चिठ्ठीवरची गोळी बहुतेक प्लॅनमध्ये असते. १-८००-७८४-८६६९ ही मोफत क्विटलाइन आहे.

तोंडाच्या कर्करोगाची स्वतंत्र स्क्रीनिंग मेडिकेअरमध्ये नाही, आणि नेहमीची दातांची तपासणीही नाही. त्यामुळे त्याच भेटीत डॉक्टरांना तोंड बघायला सांगा: गालाच्या आतला भाग, जिभेच्या कडा, जिभेखाली. घरी आठवड्यातून एकदा आरशात बघावं. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारी तोंडातली जखम, तिखट अजिबात न सोसणं, किंवा स्वतःची तीन बोटं उभी तोंडात न मावणं, यांपैकी काहीही असेल तर ती आजाराची भेट. तिला २० टक्के लागतील, ते लागू देत. पुण्याला जायची वाट पाहू नका.

सिगरेट सुटली असली तरी तिच्यासाठी दोन तपासण्या आहेत. एक, पोटातल्या महाधमनीची सोनोग्राफी. पुरुष, ६५ ते ७५, आयुष्यात निदान १०० सिगरेटी ओढलेल्या. आयुष्यात एकदा, मोफत, चिठ्ठी लागते. बाबा ७१, म्हणजे चार वर्षं हातात. ही राहून जाते कारण कोणी विचारतच नाही.

दुसरं, फुप्फुसाचं कमी किरणांचं सीटी. वय ५० ते ७७, सोडून १५ वर्षं झालेली नाहीत, आणि किमान २० 'पॅक-इयर'. मोजताना लक्षात ठेवा, इथलं पाकीट २० सिगरेटचं आहे. आपल्याकडचं नेहमीचं पाकीट दहाचं. बाबा म्हणतील 'रोज एक पाकीट, तीस वर्षं' आणि नर्स ३० पॅक-इयर लिहील. खरे ते १५, म्हणजे अपात्र, आणि विनाकारण किरणं. म्हणून सिगरेटी सांगा, पाकिटं नकोत: रोजच्या सिगरेटी भागिले २०, गुणिले वर्षं. पहिल्या सीटीआधी डॉक्टरांशी फायदे-तोटे बोलण्याची स्वतंत्र भेट (जी०२९६) झालीच पाहिजे, ती नसेल तर क्लेम परत येतो. चघळलेला तंबाखू यात मोजत नाहीत.

पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीची रक्ततपासणी) वर्षातून एकदा मोफत, बोटाने केलेल्या तपासणीला २० टक्के. पण ७१ व्या वर्षी, लक्षणं नसताना पीएसए करावं का हे आधी डॉक्टरांशी बोला. सत्तरीनंतर ती सरसकट करू नये अशीच शिफारस आहे. मोफत आहे म्हणून करायची तपासणी ही नव्हे.

---

मेधा_एडिसन

सगळ्यांचे मनापासून आभार. क्लिनिकने कोड पाठवले: ९९३९७, दुसरं काही नाही. म्हणजे बाबांची वेलनेस व्हिजिट अजून शिल्लक आहे असं समजू का? आणि लिपिड (कोलेस्टेरॉल), मॅमोग्राम वगैरे पुण्यात करून घेतलं तर इकडचा काटा पुन्हा शून्यापासून सुरू होतो का? आईला इंग्रजी जेमतेम येतं, मी दुभाषी म्हणून बसले तर चालेल ना?

---

शिप_स्वयंसेवक

शिल्लक आहे. वेलनेसचा क्लेम गेलेला नसेल तर बाबा २० मार्चच्या आतही ती घेऊ शकतात. खात्री करायला मेडिकेअरच्या संकेतस्थळावर बाबांच्या नावाचं खातं उघडा, तिथे प्रत्येक प्रतिबंधक सेवेपुढे 'पुढची पात्र तारीख' दिसते. फोनने विचारायचं तर १-८००-६३३-४२२७, चोवीस तास. ते तुमच्याशी थेट बोलणार नाहीत. बाबांनी आधी फोनवर येऊन परवानगी द्यावी, किंवा 'सीएमएस-१०१०६' हा फॉर्म एकदा भरून पाठवा.

९९३९७ साठी क्लिनिकशी बोलून बघा. त्या दिवशी बाबांकडून आरोग्याची प्रश्नावली भरून घेतली होती का, औषधांची आणि डॉक्टरांची यादी केली का, स्मरणशक्ती पाहिली का, तपासण्यांचा लेखी तक्ता दिला का? हे सगळं नोंदीत असेल तर क्लेम जी०४३८ म्हणून दुरुस्त होऊ शकतो, मग १४३ डॉलर जातील आणि पुढची वेलनेस १ जानेवारी २०२७ पासून. नसेल तर फिजिकलचे पैसे द्यावे लागतील, पण वेलनेस हातात राहील. दोन्ही एकदम मागू नका. लॅबच्या ९० डॉलरसाठी समरी नोटिस आल्यापासून १२० दिवसांत अपील करता येतं. नोटिशीच्या शेवटच्या पानावरच फॉर्म असतो, नामंजूर ओळीवर गोल करून, कारण लिहून, सही बाबांची.

पुण्यातल्या तपासणीचे पैसे मेडिकेअर देत नाही, म्हणून तिथे केलेल्या तपासणीने इकडचा काटा हलत नाही. लिपिडची स्क्रीनिंग दर पाच वर्षांनी असते, ती शाबूत राहील. पण उगाच दोनदा करू नका. तिथे मॅमोग्राम केलाच तर फिल्म पुरेशी नाही, सीडी मागा. इथल्या रेडिओलॉजिस्टला जुनं चित्र मिळालं तर पुन्हा बोलावण्याची वेळ कमी येते, आणि त्या दुसऱ्या फेरीलाच पैसे पडतात.

दुभाषी म्हणून मुलीने बसणं बाकी वेळी एकवेळ ठीक, स्मरणशक्तीच्या चाचणीत नको. तीन शब्द सांगून थोड्या वेळाने विचारतात, घड्याळ काढायला लावतात. शब्द इंग्रजीत दिले तर चांगली शाबूत माणसंही अडखळतात, आणि नोंदीत 'स्मृतिदोष' असा शेरा पडतो. मुलगी बसली तर नकळत सुचवते. नैराश्याच्या प्रश्नांनाही आई मुलीसमोर खरं उत्तर देईलच असं नाही. क्लिनिकला तारीख घेतानाच 'मराठी इंटरप्रिटर, बाय फोन ऑर व्हिडिओ' असं सांगा, खर्च त्यांचा. 'हिंदी चालेल का' विचारतील. आईंना सवय नसेल तर नको म्हणा.

जाताना बरोबर घ्या: लसींची नोंद, गोळ्यांच्या पट्ट्या, पण यादीत औषधाचं मूळ नाव लिहा, कारण डोलो किंवा क्रोसिन म्हटलेलं इथे कळत नाही, अ‍ॅसिटामिनोफेन म्हटलं की कळतं, काढे आणि चूर्णंही त्याच यादीत. नागीण, टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि आरएसव्हीच्या (श्वसनमार्गाच्या एका विषाणूच्या) लसी पार्ट डी मधून फार्मसीत मोफत मिळतात, डॉक्टरांकडे घेतल्या तर आधी पैसे भरायला लागू शकतात. नागिणीच्या दोन मात्रांमध्ये दोन ते सहा महिन्यांचं अंतर असतं: पहिली मार्चच्या पहिल्या आठवड्यात घ्या, दुसरी ऑगस्टमध्ये बसते.